निळ्या बाराबंद्या घेऊन अंधेरीला

दहिसरच्या सुलूमावशींनी मला सांभाळलं. हे आधी लिहून टाकते, कारण पुढं मुंबईचं वर्णन सुरू झालं की मी वाहवत जाईन आणि त्यांचं नाव मागं राहील. राहायला जागा त्यांनी दिली, रस्ता त्यांनी दाखवला, आणि अंधेरीच्या हॉलमध्ये माझे हात आखडले तेव्हा खाली बसकण मारून सुई हातात घेतली तीही त्यांनीच. मी सातवीतून शाळा सोडलेली बाई. लिहिण्यात चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. मावशींबद्दल मात्र एक अक्षरही वाढवून लिहिलेलं नाही.

मंगळवेढ्याच्या अलीकडच्या एका गावात माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान वडिलांचं. त्यांचे हात थरथरू लागले तेव्हा मी शाळेतून उठले आणि मशीनवर बसले, ती आजवर. आपल्या सोलापूरकडच्या जत्रेत मानकरी घालतात त्या बाराबंद्या आमच्याकडंच शिवल्या जातात. तुम्हाला ठाऊकच आहे, पण कुणी बाहेरचं वाचत असेल तर सांगते : बटण नसलेला, छातीवर एकावर एक दोन पदर येणारा, बंदांनी (कापडी नाड्यांनी) बांधायचा पांढरा अंगरखा म्हणजे बाराबंदी.

मागच्या जत्रेत मुंबईच्या केतकीताई आल्या होत्या. त्या कुठल्या कंपनीत नाहीत. स्वतःच्या डोक्यानं कपडा काढायचा, हातमागाचं कापड घ्यायचं, झाडापाल्याच्या रंगात रंगवायचं आणि मोजकेच नग करायचे, असं त्यांचं काम. अशांना तिकडं डिझायनर म्हणतात. दुपारभर त्या माझ्या दुकानात मांडी घालून बसल्या. माझ्यापेक्षा लहान, तरी मी त्यांना केतकीताई म्हणायची आणि त्या मला गोदाताई. जाताना वडिलांची जुनी बाराबंदी नमुन्याला घेऊन गेल्या. पुढं निळ्या कापडाचं गाठोडं आलं आणि पाठोपाठ फोन.

"ताई, अंधेरीला प्रदर्शन आहे. तिथे तुमची शिवण चालली तर वर्षभर काम देते. नाही चालली तर मलाच परवडणार नाही ना. खोटं कशाला बोलू?"

जत्रेचं काम महिनाभराचं. बाकी दिवस साडीला फॉल लावायचे, पिको करायचा, आणि आता तेही कमी झालंय. हे काम मिळालं नाही तर दुकानाला कुलूप लावून सोलापूरला भावाकडं राहायला जायचं, असं घरात ठरून गेलं होतं. भाऊ चांगला आहे. वहिनीही चांगली. पण त्यांच्या घरात मशीन ठेवायला जागा नाही.

म्हणून मी निघाले. शिवलेल्या बाराबंद्या नीट घड्या घालून जुन्या धोतरात बांधल्या, वरून टाका मारून गाठोडं बंद केलं आणि रात्रीच्या बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई म्हणाली, "वर ठेव की गं, पाय अवघडतील." मी म्हटलं, "राहू द्या." पाय अवघडले.

मुंबई लागली ती अर्धवट झोपेत. खिडकीबाहेर दिवेच दिवे, उंच इमारतींच्या खिडक्यांतून कुठं कुठं पिवळा उजेड, आणि मधेच एकदम अंधाराचा पट्टा. बस एका पुलाखाली थांबली. बरीच माणसं उतरली, म्हणून मीही उतरले. बस गेली आणि मग कळलं, हे वाकोला. मला जायचं होतं दहिसरला.

फुटपाथवर एक बाई शेवंतीच्या माळा ओवत होती. तिनं विचारलं, "कुठं जायचंय?"

"दहिसर."

"मग हितं कशाला उतरलीस?"

"सगळे उतरले म्हणून."

"ते सगळे आपापल्या घरी गेले," ती म्हणाली. "तू बस. ते फुलांचं पाणी लुगड्याला लागू देऊ नको."

बोलण्यावरून ती साताऱ्याकडची वाटली. मी सुलूमावशींना फोन लावला. त्यांना मी तोवर पाहिलेलंही नव्हतं. केतकीताईंच्या कपड्यांची हातशिलाई त्या बरीच वर्षं करतात आणि माझी राहायची सोय त्यांच्याकडं लावली होती, एवढीच ओळख. फोनवर आवाज आला, "थंयच बस. हलू नको." बस्स, एवढंच.

उजाडता उजाडता एक ठेंगणी बाई रस्ता ओलांडून आली, त्याच सुलूमावशी. मालवणकडचं माणूस; वडील गिरणीत, जन्म लालबागचा, लग्नानंतर दहिसर. मला बघताच म्हणाल्या, "गाठोड्यावरनं ओळखलंय. एवढा मोठा काय घेऊन आलंस गो, आख्खी जत्रा?"

मी रडायच्या बेतात होते. हसले.

अंधेरीपर्यंत रिक्षा आणि पुढं मेट्रो. मेट्रोच्या दारात सामान यंत्रातून काढतात. गाठोडं त्या काळ्या पट्ट्यावर ठेवलं तरी माझा हात त्यावरून सुटेना. पहाऱ्यावरच्या बाईनं विचारलं, "क्या है इसमें?" माझ्याआधी मावशीच बोलल्या, "शादी का कपडा है, मॅडम, नवरदेव थांबलाय." ती बाई हसली. गाठोडं पलीकडून सुखरूप बाहेर आलं तेव्हा मी त्याला हात लावून बघितलं.

मेट्रो रस्त्याच्या वरून जाते. खाली मोटारी, दोन्ही अंगांना घरांच्या गच्च्या, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे. सूर्य नुकताच वर आला होता आणि उजव्या हाताला जंगलाचा डोंगर धुक्यात तरंगत होता. मी आयुष्यभर कपडे खालून बघत आले : मान वर करून, दोरीवरचे. इथं पहिल्यांदा वरून बघितले. लाल, पिवळे, शाळेचे पांढरे. वरून त्यांचं एक मोठं पांघरूण झालेलं दिसत होतं.

मावशींची खोली दहिसर नदीजवळच्या चाळीत. एक खोली, पोटमाळा, खिडकीत तुळस. मुलगा समीर मस्कतला, घरात त्या एकट्याच. त्यांनी घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) केले, सोबत नारळाचा गोड रस. मी घरची शेंगाचटणी काढली. त्यांनी बोटभर चाखली आणि पाणी प्यायल्या.

"ह्या चटणीत शेंगदाणे मुद्दाम घातलंस का चुकून पडले?"

गाठोडं उघडून बघू या म्हणाल्या. मी नको म्हटलं. घड्या मोडल्या तर परत इस्त्री करावी लागेल, एकदम अंधेरीलाच सोडू. मावशींनी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी केतकीताईंचा फोन आला. त्या हॉलवर मांडणीत अडकल्या होत्या. ओढण्यांचा शेवटचा लॉट गोराईला लोर्नाकडं रंगून तयार होता, तो आम्ही दोघींनी आणायचा. माझ्या बाराबंद्यांचं कापड रंगवलं तेही हिनंच. मला तर तिला बघायचंच होतं.

बोरिवलीहून खाडीपर्यंत बस आणि पुढं होडी. होडी म्हणजे मोठी लाकडी बोट. माणसं, मोटारसायकली, मासळीच्या रिकाम्या पाट्या, सगळं एकत्र. चढताना माझी एक चप्पल चिखलात रुतली. मी ओढत बसले आणि होडीवाला म्हणाला, "चप्पल पाहिजे का होडी?" मावशींनी मला दंडाला धरून वर घेतलं आणि चप्पल होडीवाल्यानंच बांबूनं उचलून दिली. पाणी करडं, संथ. दोन्ही काठांना तिवरांची (खारट पाण्यातली झाडं) हिरवी भिंत, लांबवर एक सोनेरी घुमट. पलीकडचा काठ अगदी समोर होता. तरी मला वाटलं, मी फार लांब चालले आहे, आणि पोचलेच नाही तरी चालेल.

गोराई गावात शिरलं की आपण मुंबईत आहोत हे विसरायला होतं. छोटी कौलारू घरं, दारात क्रूस, माडांच्या सावल्या. लोर्नाच्या घरामागं बोंबील वाळवायचा बांबूंचा मांडव होता. त्याच्यावर मासळी नव्हती. निळं कापड होतं. एका बांबूवर सकाळचं आभाळ, दुसऱ्यावर संध्याकाळचं, तिसऱ्यावर पार काळोख पडायच्या आधीचं. वारा आला की सगळी आभाळं एकदम हलायची. मी तिथंच उभी राहिले. मावशी दोनदा पुढं जाऊन माघारी आल्या.

लोर्ना माझ्याच वयाची. हात कोपरापर्यंत निळे, नखंसुद्धा. "ये ना बाय, बस. घाबरू नको, रंग बोलावल्याशिवाय लागत नाही." बापाची बोट विकल्यावर हा मांडव रिकामा पडला, म्हणून तिनं त्यावर कापड घातलं. "शेजारणी अजून विचारतात, काय गं, निळे बोंबील लागले का?"

नीळ मातीत पुरलेल्या मोठ्या पिंपात होती. तिला गूळ आणि चुना घालतात. लोर्ना म्हणाली, नीळ जिवंत असते, दुर्लक्ष केलं की रुसते. थंडी पडली की ती पिंपाला गोधडी गुंडाळते. तिनं पांढरं कापड बुडवलं आणि जरा वेळानं वर काढलं. कापड निळं नव्हतं. कोवळ्या हरभऱ्यासारखं हिरवं होतं. मग वारा लागला आणि माझ्या डोळ्यांदेखत, काठाकडून आत, ते निळं होत गेलं. लोर्ना हे रोज बघत असणार, पण तीही बघतच राहिली होती.

"तूच ना ती बंदवाली शिंपीण?" तिनं मला विचारलं. "माझं कापड किती फुकट घालवलंस?"

"एक चिंधीसुद्धा नाही," मी म्हटलं. "कातरलेल्या तुकड्यांचेच बंद केले."

तिनं माझ्या हातावर फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) ठेवले. आत पोकळ, बाहेर तांबूस. खाताना माझ्या बोटांना निळीचा वास येत होता. परतीच्या होडीत ओढण्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी मनात म्हटलं, ही माणसं स्वप्नात असावीत तशी काम करतात, आणि तरी त्यांचा टाका चुकत नाही. माझ्याकडून काही चुकू नये.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आम्ही हॉलवर पोचलो. लोकांसाठी दार उघडायला अजून अवकाश होता. केतकीताई जिन्यावरच भेटल्या, केस विस्कटलेले, तोंडात टाचण्या. त्या मांडणी पुरी करायला गेल्या आणि मी हॉलभर हिंडले. घाटकोपरच्या एका बाईनं शिंप्यांच्या दुकानांतल्या चिंध्या गोळा करून त्यांचे परकर केले होते. जवळून बघितलं तर दोऱ्याचा रंग दर चिंधीला बदललेला. मुलुंडचं एक जोडपं ओल्या कापडावर सागाची पानं ठेवून, गुंडाळून वाफवतं. पानाची प्रत्येक शीर जांभळ्या रंगात कापडावर उतरलेली. मी त्या नवऱ्याला विचारलं, "दोन पानं सारखी उतरतात का हो?" तो म्हणाला, "उतरली तर आम्ही ते कापड दुसऱ्याला देऊन टाकू." मला हे फार आवडलं. आमच्या धंद्यात सगळं सारखं व्हावं म्हणून आटापिटा असतो.

एवढ्यात केतकीताईंनी हाक मारली. त्यांनी गाठोडं सोडलं होतं आणि लाकडी पुतळ्याला बाराबंदी चढवली होती. निळं कापड आणि पांढरी भिंत. मला माझं काम ओळखूच आलं नाही. त्या बंद बांधत बांधत वर आल्या आणि डाव्या छातीपाशी त्यांचा हात थांबला.

"ताई, इथला बंद कुठाय?"

"खिशात आहे की."

"खिशात?"

"घडी करून ठेवलाय. तो घरच्यांनी लावायचा असतो."

"कोणाच्या घरच्यांनी?"

"जो घालणार त्याच्या," मी म्हटलं, आणि बोलता बोलताच माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसले आहे.

आपल्याकडं शेवटचा बंद शिंपी लावत नाही. तो घरची बाई लावते : आई, बायको, बहीण, जी असेल ती. घरच्या हाताचा बंद असला की जत्रेच्या गर्दीत माणूस हरवत नाही, घराकडं परततो. वडिलांनी कधी लावला नाही, मीही लावला नाही. कापड निळं आलं, मापं शहरातली आली, तरी माझ्या हातांनी नेहमीचंच केलं. प्रत्येक बाराबंदीचा एक बंद शिवून, उलटवून, खिशात ठेवून दिला.

"सगळ्यांचाच?" केतकीताईंनी विचारलं.

"सगळ्यांचाच."

"पण मी नेलेल्या नमुन्याला तर सगळे बंद होते."

"तो आईनं लावलेला."

"वाट लागली," त्या हळूच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी सुयांचा डबा माझ्या हातात दिला. "लावा ना आता ताई. अजून वेळ आहे. दोघी-तिघी मिळून होईल."

मी पडद्यामागं बसले. सुईत दोरा ओवला, बंद जागेवर धरला आणि पुढं हात चालेना. एक टाका घालायचा, दुसरं काय. वर्षभराचं काम त्या टाक्यावर लटकलेलं मला दिसत होतं. तरी वाटायचं, हा माणूस कोण, कुठं जाणार, आणि माझ्या हातानं तो परतला नाही तर?

मावशींनी पडदा बाजूला केला. "काय झाला?"

मी सांगितलं. कसंबसं.

"सर बाजूक," त्या म्हणाल्या आणि चष्मा लावून खाली बसल्या. "मी लावतंय."

"पण मावशी, तुम्ही कुठं त्यांच्या घरच्या?"

"ह्यो कपडा कोणाच्या घरातून आला? माझ्या. दोन दिवस ह्या गाठोड्याक उशी करून मीच निजलंय. मग मी घरची नाय तर कोण? दे सुई."

मी सुई दिली.

केतकीताई हे सगळं उभ्या उभ्या ऐकत होत्या. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी ओढण्यांचा गठ्ठा उचलला आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच लावा सगळे. मी बाहेर सांभाळते." जाता जाता थांबल्या. "आणि ताई, हे शेवटच्या बंदाचं मी स्टॉलच्या पाटीवर लिहिणार नाही. लोक फोटो काढतील आणि विसरतील."

मग सकाळभर पडद्यामागं आमचं हेच चाललं. मावशींना सुईचं बारीक नेढं दिसत नव्हतं. मी दोरा ओवून देत होते आणि त्या टाके घालत होत्या. एक बाराबंदी झाली की मी घडी करून बाहेर सरकवायची. दार उघडलं, माणसांचा आवाज वाढला, पण पडद्याच्या आत वेगळाच निवांतपणा होता. गोराईच्या कापडातून निळा उजेड मावशींच्या गालावर पडला होता. दर वेळी शेवटची गाठ मारली की त्या ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायच्या. काय, ते मी विचारलं नाही.

मधेच बाहेरून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज आला, "अहो, हे बांधायचं कसं? मी अडकलोय." केतकीताईंनी मला बाहेर ओढलं. ते सद्गृहस्थ एका बाहीतून डोकं काढायच्या प्रयत्नात होते आणि त्यांची बायको बाजूला उभी राहून म्हणत होती, "चाळीस वर्षं पायजम्याची नाडी मी सोडवतेय, आता ही पण." मी त्यांना सोडवलं, बंद बांधून दाखवले. त्यांनी आरशात स्वतःकडं खूप वेळ बघितलं. बायकोनंही. मग ती म्हणाली, "घ्या. शोभतंय." मी पडद्यामागं परत गेले आणि पुढचा दोरा ओवला.

सगळ्याच खपल्या असं नाही. काही उरल्या. दोघी-तिघींनी गळा घट्ट आहे म्हणून परत ठेवल्या, आणि तसं खरंच होतं. संध्याकाळी केतकीताई पायऱ्यांवर माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी त्यांच्याकडं बघेना.

"गळा अर्धा इंच उतरवा," त्या म्हणाल्या. "कापड पुढच्या आठवड्यात पाठवते."

"म्हणजे?"

"म्हणजे काम सुरू, यार. तुम्ही तिकडून बंद खिशात ठेवूनच पाठवा. शेवटचा बंद दहिसरला लागेल."

मावशी मागून म्हणाल्या, "माका कोणी विचारला?"

"विचारतेय ना मावशी. लावणार?"

"चहा पाज आधी."

परतताना मेट्रोत मावशी चष्मा काढून डोळे चोळत होत्या. खाली घराघरांत दिवे लागले होते. मग त्या म्हणाल्या, "समीर मस्कतला निघाला तेव्हा शर्टाचं एक बटण तुटलेलं. लावून देते म्हटलं. म्हणाला, राहू दे आई, उशीर होतोय." मी त्यांचा हात धरला. बोटांच्या टोकांना सुईची भोकं होती आणि थोडी नीळही.

आता मी घरी आहे. दुकान उघडं आहे. निळ्या कापडाचा नवा गठ्ठा आला, त्याला खाडीचा खारट वास होता. मशीनवर बसले की कधी कधी मधेच पाय थांबतो, आणि हिरवं कापड वाऱ्यावर निळं होताना दिसतं. सगळं खरोखर बघितलं की बसमध्ये डुलकी लागली होती, असं वाटायला लागतं. मग मी बंद शिवते, उलटवते, घडी करून खिशात ठेवते, आणि ठाऊक असतं की दहिसरला एक बाई खिडकीशी बसून तो बाहेर काढणार आहे. मुंबईत लाखो माणसं कपडे घालून हिंडतात. त्यातले काही थोडे आम्हा दोघींच्या हातचे आहेत, हे मनात आलं की भीती कमी होते. पूर्ण जात नाही. कमी होते.

मावशींना नेढं आताच दिसत नाही. पुढं टाकाही दिसेनासा होईल, समीर तिकडंच राहील, आणि जिना चढायला कुणाचा तरी दंड लागेल. त्या दिवशी मी दहिसरला जाईन. त्या नको म्हणतील, तरी त्यांना घेऊन येईन, दुकानात माझ्या शेजारी त्यांची खुर्ची मांडीन आणि माझ्या आधी त्यांचं ताट वाढीन. हे त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, आधी चटणी कमी तिखट कर. तेही करीन.